रस्ता खडीकरण करणे

समुद्राच्या काठाकाठाने जायचं म्हणजे चढ लागणार नाहीत, अशी घाटावरच्या माणसाची एक भाबडी समजूत असते. समुद्र सपाट असतो हे कबूल, पण त्याच्या शेजाऱ्यानेही तसंच असावं असा काही कायदा नाही. नकाशावर रत्नागिरीवर बोट ठेवून विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला असं वाचत गेलं की बोट सरळ खाली घसरत जातं. सायकल तशी घसरत नाही. ती आधी चढते, मग घसरते, मग खाडीशी येऊन थांबते आणि समोरचा चढ बघून मालकाकडे बघते.

हा सगळा जांभ्याचा खेळ आहे. किनाऱ्यालगत, कुठे साठ-सत्तर तर कुठे दीडशे मीटर उंचीवर जांभ्या दगडाचे सडे पसरलेत. सह्याद्रीतून निघून घाईघाईने समुद्र गाठणाऱ्या नद्यांनी या सड्यांचे तुकडे पाडले आणि मधल्या खाचांमध्ये खाड्या शिरल्या. पाणी खाली, माड खाली, पोफळी खाली, म्हणून माणसंही खाली. वर सड्यावर वारा, गवत, गुरं आणि मोबाइलचे मनोरे. त्यामुळे या गावाहून त्या गावी जायचं म्हणजे आधी सड्यावर चढायचं, सडा तुडवायचा, पलीकडे खाडीवर उतरायचं, खाडी ओलांडायची आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. वाघोटन, देवगड, आचरा, कालावल, कर्ली. एकेक खाडी म्हणजे एकेक उतार आणि त्या उताराची व्याजासकट परतफेड. संध्याकाळी हिशोब केला तर सिंहगड दोनदा चढल्याचं निघतं, पण गड कुठेच दिसलेला नसतो, त्यामुळे फोटो नाही, आणि फोटो नाही म्हणून चढल्याचा पुरावाही नाही.

हे सगळं मला सांगावं लागतंय ते माझ्या मेहुण्यामुळे. त्याने ग्रॅव्हल सायकल घेतली. पुण्याच्या रहदारीला कंटाळून घेतली, असं तो सांगतो. पुण्याच्या रहदारीला कंटाळून माणसं गावाला जमीन बघतात, विपश्यनेला जातात, निदान बायकोवर तरी ओरडतात. याने सायकल घेतली. हँडल शर्यतीच्या सायकलीचं, खाली वळलेलं. टायर मात्र चाळीस मिलिमीटर रुंद, गाठीगाठींचे, आत ट्यूब नाही. चाक आणि सांगाडा यांच्यात चिखल अडकू नये म्हणून ऐसपैस जागा सोडलेली. गिअर इतके हलके, की चढावर पाय गरागरा फिरत राहतात आणि डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली म्हातारी शांतपणे पुढे निघून जाते. किंमत त्याने माझ्या बहिणीला एक सांगितली आहे आणि मला दुसरी. दोन्ही आकड्यांची बेरीज केली तर बहुधा खरी निघेल.

या सायकलीला रहदारी नसलेला कच्चा रस्ता लागतो. तिकडे अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया नावाच्या गावी २००६ पासून खडीवरच्या सायकलींची शर्यत भरते. इटलीत टस्कनी प्रांतातले पांढऱ्या मातीचे जुने रस्ते डांबराखाली जाऊ नयेत म्हणून १९९७ साली काही मंडळींनी जुन्या सायकली बाहेर काढून त्या रस्त्यांवरून मिरवणूकवजा फेरी सुरू केली. आता तर २०२२ पासून खडीवरची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही आहे. म्हणजे जगात खडी हे गाठायचं ठिकाण झालं आहे. आपल्याकडे ती एक पायरी आहे. आधी मातीकाम, मग खडीकरण, त्यावर मुरूम आणि दबाई, मग कारपेट, मग सीलकोट, मग उद्घाटन. यातल्या दुसऱ्या पायरीवर रस्ता बसला की गावाला वाटतं काम अडलं. माझ्या मेहुण्याला वाटतं काम झालं.

त्यामुळे कोकणात कुठल्याही तिठ्यावर जो निळा-पांढरा फलक असतो, तो आम्ही दोघं वेगवेगळ्या डोळ्यांनी वाचतो. कामाचे नाव : अमुकवाडी ते तमुकवाडी रस्ता खडीकरण व डांबरीकरण करणे. मग अंदाजपत्रकीय रक्कम, ठेकेदाराचे नाव आणि सगळ्यांत खाली माझी आवडती ओळ : दोषदायित्व कालावधी. इतकी तत्त्वज्ञानाने भरलेली ओळ मी संतवाङ्मयाबाहेर वाचलेली नाही. माणसाच्या दोषांना जन्मभर जबाबदार राहावं लागतं, रस्त्याच्या दोषांना पाच वर्षं. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत तर ही पाच वर्षांची निगा ठेकेदाराच्या करारातच लिहिलेली असते. रस्त्याला हे ठाऊक असावं. तो पाच वर्षं अब्रू राखून असतो आणि सहाव्या पावसाळ्यात मोकळा होतो.

म्हणूनच कोकणातली खडी दोन जातींची आहे. एक कुमारी, जिच्यावर डांबर अजून पडलेलं नाही. दुसरी, जी डांबराचा संसार आटोपून पुन्हा मूळपदाला आली आहे. सायकलवाल्याला पहिली आवडते. दुसरीत मधूनच डांबराची काही बेटं शिल्लक असतात, त्यांच्या कडा धारदार असतात आणि त्या नेमक्या उतारावर, वळणावर आणि सावलीत असतात. पहिलीचं तंत्र निराळं. सड्यावरचा कातळ घट्ट आणि त्यावर जांभ्याचे बारीक गोल खडे, कुणी हरभरे सांडून निघून गेल्यासारखे. सरळ जाताना चाकाखाली त्यांचा मस्त कुरकुर आवाज येतो. ब्रेक दाबला की सायकल थांबते, आपण थांबत नाही.

पण या रस्त्यांचं वेड लागतं, हे मान्य केलं पाहिजे. नोव्हेंबर-डिसेंबरमधली सकाळ, सड्यावर गवत सोनेरी झालेलं, डाव्या हाताला दूर सह्याद्रीची निळी भिंत, उजव्या हाताला समुद्राची एक चकाकती रेघ, आणि मधून लाल रस्ता. तासभर एकही गाडी नाही. पाऊस नुकताच संपला असेल तर कातळाच्या खळग्यांत पाणी साचलेलं असतं आणि त्याच्या काठाने सीतेची आसवं, गेंद, सोनकी यांची उरलीसुरली फुलं. भर पावसात मात्र जाऊ नये. ओल्या जांभ्यावर जे शेवाळ धरतं, ते सायकलस्वार कोणत्या गावचा, सायकल कितीची, असले भेदभाव करत नाही.

मेहुण्याचे रस्ते शोधायचे अड्डे ठरलेले आहेत. सर्वांत रुंद रस्ते चिरेखाणींचे. जांभ्याचे चिरे कापून काढायला सड्यावर चौकोनी खड्डे केलेले असतात आणि त्यांच्याकडे जाणारे रस्ते ट्रक जाईल एवढे मोठे. आठवडाभर तिथे चिऱ्यांचे ट्रक लाल धुरळा उडवत धावतात. रविवारी सामसूम. त्या दिवशी हा रस्ता फक्त आपला. अट एवढीच, की रस्ता कुठे संपतो आणि खाण कुठे सुरू होते, ते आधी बघून ठेवायचं. खाणीला कठडा नसतो. आणि रविवारी असा रस्ता मारून घरी आलेल्या माणसाचे पांढरे मोजे आमच्या बहिणीने एकदा न्याहाळले आणि काहीएक न बोलता नारळाच्या शेंड्यांबरोबर ठेवून दिले.

दुसरा अड्डा कलमांच्या बागांचे रस्ते. हापूसच्या बागा सड्याच्या उतारांवर आहेत आणि प्रत्येक बागायतदाराने आपापल्या पेट्या खाली आणायला जीप जाईल असा कच्चा रस्ता काढलेला आहे. दोन्हीकडे जांभ्याचे गडगे, वर कलमांची सावली, सायकलीला स्वर्गच. पण एप्रिल-मे महिन्यांत या स्वर्गाच्या दारावर राखण असते. राखणदार बहुतेक ठिकाणी नेपाळी, आणि त्याला माझ्या मेहुण्यापेक्षा चांगली मालवणी येते. सायकलीच्या सांगाड्याला बांधलेली तिकोनी पिशवी, हँडलला लावलेली गोल पिशवी, सीटखालची लांबुडकी पिशवी, या सगळ्यांकडे तो ज्या नजरेने पाहतो, त्या नजरेत एकच हिशोब असतो : यात किती डझन मावतील? मेहुण्याने एकदा सगळ्या पिशव्या उघडून दाखवल्या. त्यातून रेनकोट, पंप, केळी आणि एनर्जी जेलची पाकिटं निघाली. राखणदाराने एक पाकीट उलटसुलट करून बघितलं, आणि सकाळपासून दात घासायचे राहिलेत काय, असं विचारलं.

तिसरा अड्डा फार थोड्यांना माहीत आहे आणि तो मी इथे फोडून टाकतो आहे. कोकणात खरोखरची सपाट वाट हवी असेल तर खारभूमीच्या बंधाऱ्यावर जायचं. खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून काठाने मातीचे लांबच लांब बांध घातलेले आहेत. एका बाजूला शेत, दुसऱ्या बाजूला कांदळवन, मधून बांधाची पायवाट. ना चढ, ना उतार, ना गाडी. बगळे, धीवर, आणि चाहूल लागली की बिळात पसार होणाऱ्या कुर्ल्या. मेहुणा पहिल्यांदा इथे आला तेव्हा गहिवरला होता. फक्त दर थोड्या अंतरावर उघाडी लागते, म्हणजे भरतीचं पाणी अडवायचं आणि शेतातलं पाणी सोडायचं दार. तिथे सायकल खांद्यावर घ्यायची आणि अरुंद कठड्यावरून चालत पलीकडे जायचं. खाली चिखल असतो. तो चिखल किती खोल, हे काठावर गरी टाकून बसलेल्या माणसाला नेमकं माहीत असतं. पण आपण पडेपर्यंत तो सांगत नाही. त्याचीही करमणूक व्हायला हवी.

नकाशाचं काय, असं कुणी विचारील. मोबाइलच्या नकाशावर कोकणात एक बारीक तुटक रेघ दिसते. ती रेघ बैलगाडीची वाट असू शकते, पाणंद असू शकते, पावसात व्हाळ होणारी आणि उन्हाळ्यात वाट असल्याचं नाटक करणारी घळ असू शकते, किंवा शेजाऱ्याशी वाद चालू असलेला कुणाचा तरी गडगाही असू शकतो. सर्वांत जास्त शक्यता पाखाडीची. सड्यावरून खाली वाडीत उतरणारी जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी हे आपल्या पूर्वजांचं सुरेख काम आहे. बघायला, बसायला, चढून दम खायला उत्तम. सायकलीवरून उतरायला नाही. मेहुण्याच्या मोबाइलमधली बाई मात्र शांत आवाजात ‘सरळ जा’ म्हणत राहते. तिला पायऱ्या दिसत नाहीत. तिला खाली ओटीवर सुपारी सोलत बसलेले आजोबाही दिसत नाहीत, जे वरून सायकल घेऊन एकेक पायरी उतरणाऱ्या माणसाकडे, अडकित्ता थांबवून, पूर्ण पाच मिनिटं पाहत असतात.

शेवटी माणसालाच विचारावं लागतं. कोकणातल्या माणसाला अंतर विचारलं की उत्तर एकच : ‘हयच हा.’ इथेच आहे. यात ‘हयच’ किती ताणून म्हटलं, त्यावरून अंतर ओळखायचं. आखूड ‘हयच’ म्हणजे पुढचं वळण. लांब ‘हऽयच’ म्हणजे मधे एक खाडी आहे. दिशा सांगताना खुणा पक्क्या असतात, पण त्या सगळ्या शिल्लक असतीलच असं नाही. पूर्वी जिथे फणस होता तिथून डावीकडे, असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. तो फणस त्याला दिसत असतो.

एका जागी मात्र नकाशा चुकला तर मी त्याची बाजू घेईन. राजापूर तालुक्यात देवाचे गोठणे नावाचं गाव आहे. तिथल्या सड्यावर जी जुनी कातळखोद चित्रं आहेत, त्यांच्याजवळ होकायंत्र भलतीच दिशा दाखवतं, खडकातल्या चुंबकत्वामुळे. म्हणजे मोबाइलला कोकणात काही कळत नाही हे निसर्गानेच एका जागी मान्य करून ठेवलं आहे. ही कातळशिल्पं सड्यावरच्या सायकलस्वारीचं खरं बक्षीस आहेत. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या साथीदारांनी सडेच्या सडे पायाखाली घालून ती शोधली. गावकऱ्यांना त्यातली काही ठाऊक होतीच, पांडवांनी एका रात्रीत काढली म्हणून. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, सिंधुदुर्गातलं कुडोपी अशी ठिकाणं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेली आहेत. कशेळीच्या सड्यावरचा हत्ती साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच आहे आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी, मासे कोरलेले आहेत. तो उभ्याने पाहिला तर कळतच नाही. नुसत्या रेघा दिसतात. चहूबाजूंनी हिंडून मनात जोडावा लागतो. माझा मेहुणा अर्धा तास त्याच्या कडेने फिरत होता आणि शेवटी म्हणाला, ‘हजारो वर्षांपूर्वी इतका मोठा हत्ती काढायला इथे लोक चढून यायचे. गिअर नसताना.’ त्याच्या तोंडून निघालेलं एवढं नम्र वाक्य मी दुसरं ऐकलेलं नाही.

आता रहदारीचा मुद्दा. या रस्त्यांवर वाहनं नाहीत, हे शंभर टक्के खरं. दिवसातून दोनदा एसटी जाते, तिला रहदारी म्हणणं म्हणजे सूर्योदयाला गर्दी म्हणणं. तीही गाडी आम्हाला चढावर पाहून थांबते आणि वाहक दार उघडून सायकल आत टाकायची का विचारतो. नाही म्हटलं तर त्याला वाईट वाटतं. पण रहदारी म्हणजे वाटेत खोळंबून राहावं लागणं, असं धरलं तर कोकणातल्या सर्वांत निर्जन रस्त्यासारखी कोंडी पुण्यात कुठल्याही चौकात होत नाही. मालवणी माणूस अनोळखी माणसाला चौकशी केल्याशिवाय पुढे सोडत नाही. दर वाडीला एक सिग्नल. पहिला प्रश्न : ‘खंय चललास?’ दुसरा : ‘खयसून इलास?’ उत्तर पुण्याहून असं मिळालं की तिसरा प्रश्न येत नाही, थोडा वेळ जातो, मग : ‘सायकलीन?’ आम्ही कुडाळपर्यंत रेल्वेने आलो, हे सांगितलं की त्यांच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव येतो, तो बघण्यासारखा. माणूस अगदीच कामातून गेलेला नाही.

मग किंमत. मेहुणा इथे तिसराच आकडा सांगतो, सर्वांत लहान. तरीही समोरचा माणूस हिशोब करून म्हणतो, ‘येवड्यात बुलेट इली असती.’ हे वाक्य आम्हाला विजयदुर्गापासून वेंगुर्ल्यापर्यंत इतक्या तोंडांतून ऐकायला मिळालं आहे, की बुलेटच्या कंपनीने ते रस्त्याकडेच्या भिंतींवर रंगवून घ्यायला हरकत नाही. यानंतर कुळ. कोणाचे, मूळ गाव कुठलं, आडनाव काय. आमच्या आडनावाची तीन घरं त्या गावात असतातच. त्यांतल्या एका घरी चहा घ्यावाच लागतो. चहाबरोबर घावणे येतात, घावण्यांबरोबर चटणी, आणि मग उन्हं वर आलेली असल्यामुळे जेवूनच जा. एका दिवसाचं ठरवलेलं अंतर निम्म्यावर आलेलं असतं आणि निम्मं अंतर ज्या वजनाने कापलं, ते वजन वाढलेलं असतं.

जाताना सूचना मिळतात. त्या व्हाळाकडे दुपारी बाराला थांबू नका. त्या तिठ्यावर नारळ-लिंबू दिसलं तर चाक घालू नका, कडेने जा. राखणदाराची जागा लागेल, तिथे चप्पल काढून हात जोडा. मेहुणा अभियंता आहे आणि त्याचा या सगळ्यावर विश्वास नाही. पण तिठ्यावर तो ज्या कसोशीने लिंबाला वळसा घालतो, त्या कसोशीने त्याने पुण्यात एकही खड्डा चुकवलेला मी पाहिलेला नाही. कारण विचारलं तर म्हणतो, लिंबाच्या रसाने टायरचं रबर खराब होतं.

आणि टायर एकदा खराब झालंच, पण लिंबाने नाही, करवंदीच्या काट्याने. हे टायर ट्यूबलेस असतं आणि आत एक पांढरा पातळ चीक भरलेला असतो. भोक पडलं की चीक बाहेर येतो, वाळतो आणि भोक बुजतं, असं शास्त्र. काटा मोठा असला की शास्त्र थोडं मागे पडतं. एका तिठ्यावरच्या पंक्चरच्या दुकानात आम्ही सायकल टेकवली तेव्हा चाकातून पांढरी चिळकांडी उडत होती. दुकानात बसलेल्या चार माणसांपैकी एक उठून जवळ आला, वाकून बघितलं आणि गंभीरपणे म्हणाला, ‘व्यायली काय रे सायकल?’

मेकॅनिकने मात्र हसण्यात वेळ घालवला नाही. त्याने चिळकांडीखाली बोट धरलं, दोन बोटांत तो थेंब चोळला, तार निघते का बघितली, वास घेतला आणि निकाल दिला : रबराचा चीक. दोडामार्गात केरळच्या लोकांनी रबराच्या बागा लावल्या आहेत, तिथे झाडाला वाटी बांधून हाच चीक काढतात, तो त्याने पाहिलेला होता. मेहुण्याने ज्या बाटलीला परदेशी माल म्हणून पैसे मोजले होते, ती वस्तू साठेक किलोमीटरवर झाडाला लटकत होती. मग हवा भरायची वेळ आली. मेहुण्याचा व्हॉल्व्ह लांब, बारीक, वर फिरकीची टोपी. दुकानातला पंप त्याला बसेना. आमच्या लहानपणी सायकलीला वॉलट्यूब असायची, दहा पैशाची रबरी नळी, ती फाटली की सायकलच बसायची. त्या व्हॉल्व्हला सगळे पंप बसायचे. मेहुण्याने पाकिटातून पितळेचं एक बारकं टोपण काढलं, ते वर फिरवलं, मग पंप बसला. मेकॅनिकने ते टोपण काढून हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, आतले आटे मोजल्यासारखे बघितले आणि म्हणाला, असली दोन-चार पुढच्या वेळी घेऊन या. पैसे घेतले नाहीत. टोपणही परत दिलं नाही.

हे सगळं असं सुखाचं चालू असताना मालवण तालुक्यातल्या एका वाडीत आम्ही सापडलो. सड्यावरून उतरणारा तो रस्ता फार देखणा होता. लाल, वळणावळणाचा, दोन्ही बाजूंना काजू आणि करवंदी, अधेमधे समुद्र. मेहुण्याने मोबाइलवर त्याची नोंद करून ठेवली होती आणि आपल्या मित्रमंडळींना घेऊन पुन्हा यायचा बेतही केला होता. उतार संपतो तिथे ग्रामपंचायतीची पडवी. पडवीत टेबल, टेबलावर कागद, कागदाभोवती माणसं. आमची हेल्मेटं बघून सरपंचांनीच हाक मारली. पाणी झालं, चौकशी झाली, किंमत झाली, बुलेट झाली. मग सरपंच म्हणाले, बरे आलात, एक सही करा.

अर्जाचा विषय होता : रस्ता डांबरीकरण करणेबाबत. गावकऱ्यांच्या सह्या तर होत्याच, पण पर्यटकांचीही गैरसोय होते असा एक परिच्छेद त्यांनी नव्याने घातला होता आणि त्याखाली पर्यटक हवा होता. मेहुण्याने अर्ज वाचला. पेन हातात घेतलं. खाली ठेवलं. मग घसा साफ करून त्याने सांगायला सुरुवात केली, की हा रस्ता खरं म्हणजे असाच फार सुंदर आहे. परदेशात असले रस्ते लोक जपतात. डांबर झालं की गाड्या येतील, मग हॉटेलं येतील, मग…

पडवीत कुणी काही बोललं नाही. कोपऱ्यात रेशनकार्डाच्या कामासाठी बसलेल्या एक वैनी उठल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. ‘माज्या सुनेक ह्याच रस्त्यान रात्री रिक्षेतसून दवाखान्यात न्हेली,’ त्या म्हणाल्या. ‘नातू थंय पोचासर थांबाक नाय. वाटेतच झालो. ह्यो बगा.’

नातू बाहेर आमच्या सायकलींपाशी होता. मेहुण्याच्या सायकलीचे गिअर तो एकेक करून खटाखट बदलत होता आणि त्याला ती खडीवरची सायकल मनापासून आवडलेली दिसत होती.

मेहुण्याने पेन उचललं. नाव, पूर्ण पत्ता, सही. सरपंचांनी कागद माझ्याकडे सरकवला, मीही केली. मेहुण्याचा चेहरा मात्र असा पडला होता, की बाकावर टेकलेल्या एका आजोबांना राहवलं नाही. त्यांनी काठी पुढे करून त्याच्या गुडघ्याला लावली.

‘करा सही बिनघोर,’ ते म्हणाले. ‘माज्या बापाशीन पण केल्ली.’